अंधारातले भाऊबंद

ओझर हे गाव कुकडी नदीच्या काठी वसलेले आहे. विघ्नेश्वराच्या दर्शनास येणारी मंडळी घाटावर उतरतात, पाण्याला हात लावतात आणि समाधानाने परततात. येडगावच्या धरणामुळे येथे नदीला नदीचे रूप फारसे उरलेले नाही. दूरवर पसरलेला शांत जलाशयच डोळ्यांत भरतो. परंतु आसपासच्या शिवारातून लहान लहान ओढे वाहतात. पावसाळा सरला, की त्यांचे पाणी निवळते. मग गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तरी तळाची वाळू कणाकणाने दिसते.

अशाच एका ओढ्याच्या काठी सातव्या इयत्तेत शिकणारा एक मुलगा आपल्या सुट्टीच्या दुपारी घालवीत असे. मासे धरण्यापेक्षा ते न्याहाळण्याचा त्याला अधिक नाद होता. पाण्याच्या वरच्या थरात चमकणारे चपळ मासे सर्वांनाच आवडतात. या मुलाचा जीव मात्र तळाशी राहणाऱ्या मुऱ्यावर जडला होता. मुऱ्या दिसायला साधा. लांबी बोटाएवढी, अंगावर तपकिरी पट्टे, आणि ओठांभोवती सहा मिशा. दिवसा तो गोट्याखाली दडून राहतो. सायंकाळी सावल्या लांबल्या, की हळूच बाहेर येतो आणि मिशांनी वाळू चाचपीत आपले भक्ष्य शोधतो. पाण्यात पाऊल पडले, की क्षणार्धात पुन्हा गोट्याखाली नाहीसा होतो.

या साध्या माशाला शास्त्रात मान आहे. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने छापली. त्यांतील एका माशाला त्याने येथील लोकांच्या तोंडचेच नाव दिले आणि ‘मुरे’ हा मराठी शब्द जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसला. पुढे १८७२ साली फ्रान्सिस डे या डॉक्टरांनी पुण्याच्या पाण्यातील मुऱ्याच्याच कुळातील आणखी एका माशाचे वर्णन केले. कर्नल एव्हेझार्ड यांच्या नावावरून त्याला ‘एव्हेझार्डी’ असे नाव मिळाले. त्याच्या नाकपुड्यांपाशीही दोन मिशा असतात. या माशाची पुढील कथा मोठी विस्मयकारक आहे. ती त्या मुलाला ऐकायला मिळाली लेण्याद्रीच्या डोंगरावर.

शाळेची सहल लेण्याद्रीस गेली होती. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून मुले वर पोहोचली. गिरिजात्मजाचे दर्शन झाले, लेण्यांतून हिंडणे झाले. सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वी कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या त्या खोल्या पाहून मुले थक्क झाली. लेण्यांच्या कडेला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नरच्या प्राचीन शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. सर्व मुले डब्याभोवती जमली, तरी तो मुलगा एका टाक्याच्या काठावर ओणवा होऊन आत पाहतच राहिला.

गुरुजींनी जवळ येऊन विचारले, “काय शोधतो आहेस?”

“गुरुजी, अंधाऱ्या गुहेत आंधळे मासे असतात, असे आपण वर्गात सांगितले होते. इथे ते असतील का?”

गुरुजी हसले नाहीत. त्याच्या शेजारी बसून ते म्हणाले, “प्रश्न चांगला आहे, जागा मात्र चुकली. ही लेणी माणसाने कोरली आहेत. त्यांत उजेड येतो, आणि ज्या खडकात ती कोरली आहेत तो कठीण काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरून हा खडक तयार झाला. पाण्याने तो सहजासहजी विरघळत नाही. पाण्याने स्वतः कोरलेल्या खोल गुहा पाहायच्या असतील, तर चुनखडीच्या प्रदेशात गेले पाहिजे. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळतो, त्याचे सौम्य आम्ल होते, आणि ते हजारो-लाखो वर्षे चुनखडी विरघळवीत आत भुयारे करते. छत्तीसगडातील बस्तर भागात जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात अशी एक गुहा आहे. तिचे नाव कुटुमसर. आणि तिच्यात कोण राहतो, ठाऊक आहे? तुझ्या मुऱ्याचा भाऊबंद.”

मुलाचे डोळे विस्फारले.

गुरुजींनी सांगितलेली हकीकत अशी. कुटुमसरची गुहा जवळपासच्या आदिवासींना पूर्वीपासून माहीत होती. १९५०नंतरच्या दशकात शंकर तिवारी या भूगोलाच्या अभ्यासकांनी तिचा शोध घेतला आणि मग बाहेरच्या जगाला तिची ओळख झाली. आत शिरल्यावर काही अंतरावर सूर्यप्रकाश संपतो. पुढे असा काळोख आहे, की डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसू नये. त्या काळोखातील डबक्यांत एक फिकट मासा राहतो. त्याच्या अंगावरचा रंग जवळजवळ गेलेला आहे आणि डोळे अगदी लहान झाले आहेत. शास्त्रज्ञांनी तो तपासला, तेव्हा पुण्याच्या पाण्यात सापडलेल्या त्या एव्हेझार्डीशीच त्याचे नाते जुळले. अलीकडच्या संशोधनात या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असल्याचे दिसू लागले आहे; परंतु कूळ एकच, यात शंका नाही. एक शाखा उजेडातल्या ओढ्यांत राहिली, दुसरी अंधारात गेली. रायपूरच्या विद्यापीठातील संशोधकांनी वर्षानुवर्षे या दोघांना शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या वागणुकीची तुलना केली.

मुलाने सारे ऐकले आणि घरी परतताना त्याच्या मनात एक विचार पक्का झाला. अंधारात राहून मुऱ्या जर असा बदलत असेल, तर तसा मासा आपणही घडवू.

दुसऱ्याच दिवशी त्याने ओढ्यावरून एक मुऱ्या आणला. माजघराच्या कोपऱ्यात एक जुना माठ पडून होता. त्यात त्याने ओढ्याचे पाणी भरले, तळाशी वाळू व दोन गोटे घातले, मासा सोडला, वर घमेले पालथे घातले आणि त्यावर गोणपाट टाकले. रोज एकदा अंधारातच चाचपडत तो भाकरीचा चुरा आत टाकी. आजीने हे पाहिले. ती एवढेच म्हणाली, “अरे, त्याला विचारलेस का?” मुलगा गप्प राहिला. मोठ्या कामापुढे हा प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला.

सहाव्या दिवशी रात्री माठातून बारीकसा आवाज आला. घमेले उचलून त्याने दिव्याच्या उजेडात पाहिले. मासा पुन्हा पुन्हा वर येऊन तोंडाने हवा घेत होता आणि दमून तळाशी जात होता. भाकरीचा चुरा तसाच वाळूवर पडून आंबला होता. माशाचे डोळे मात्र होते तसेच, काळेभोर होते. मुलाला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

सकाळी शाळा भरण्यापूर्वीच तो गुरुजींपाशी गेला. “गुरुजी,” त्याने खाली मान घालून विचारले, “मासा आंधळा व्हायला किती दिवस लागतात?”

गुरुजींना सर्व उलगडले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “एक मासा कधीच तसा होत नाही. तू दहा वर्षे त्याला माठात ठेवलेस, तरी तो उजेडातलाच मासा राहील; फक्त दुःखी राहील. तुझे आजोबा बाजरीचे बियाणे कसे धरीत असत?”

“खळ्यावर सर्व कणसे पाहून त्यांतली भरदार कणसे बाजूला काढीत.”

“म्हणजे एखाद्या कणसाला ओढून ते मोठे करीत नसत. कणसांत मुळातच थोडाथोडा फरक असतो. त्यांतले निवडून पुढच्या वर्षी पेरायचे, आणि असे वर्षानुवर्षे करायचे. गुहेत ही निवड कोणी माणूस करीत नाही. ती गुहाच करते. पुराबरोबर किंवा भेगांतून काही मासे आत गेले. बहुतेक मेले असतील. ज्यांच्या मिशा अधिक तल्लख, जे कमी अन्नावर तगणारे, त्यांची पिल्ले जगली. त्यांच्या पिल्लांतूनही पुन्हा तशीच निवड झाली. अशा हजारो पिढ्या गेल्या, तेव्हा कुठे तो फिकट मासा घडला.”

“पण डोळे का गेले? डोळे असले तर बिघडले कुठे?”

“ज्या बैलाला वर्षभर काम नाही, त्याला शेतकरी किती दिवस पोसेल? डोळा आणि डोळ्याने पाहिलेले समजून घेणारा मेंदू यांना फार अन्न लागते. शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतील माशांवर मोजमाप केले आहे. एक ग्रॅम वजनाच्या लहान माशाला विसाव्याच्या वेळी लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे १५ टक्के शक्ती केवळ पाहण्याच्या सोयीवर खर्च होते. गुहेत अन्न थोडे. तेथे हा खर्च ज्याने वाचविला, तो तगला. शिवाय, उजेडात ज्याचे डोळे अधू तो लवकर मारला जातो. अंधारात मात्र अशा दोषाने काही अडत नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. डार्विनने १८५९ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात गुहेतील प्राण्यांचा विचार केला होता. डोळे वापरात नसल्यामुळे गेले, असे त्याला वाटले. आज त्या कोड्याची उकल आपण त्याच्याहून थोडी अधिक करू शकतो.”

घंटा झाली होती. पण गुरुजींनी त्या दिवशी वर्गात दुसरा धडा घेतला नाही. फळ्यावर त्यांनी दोन मासे काढले. एक डोळ्यांचा, एक डोळ्यांवाचून. मग ते सांगू लागले.

मेक्सिको देशात नदीत राहणारा एक रुपेरी मासा आहे. त्याचेच आंधळे, गुलाबी-पांढरे भाऊबंद तेथील सुमारे ३० गुहांत राहतात. १९३६ साली त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. या दोघांच्या वागणुकीतील फरक जगभरच्या प्रयोगशाळांत पाहिला गेला आहे. नदीतले मासे थव्याने हिंडतात, कारण थव्यात शत्रूपासून रक्षण होते. थव्यात राहायचे तर शेजारी दिसला पाहिजे. गुहेतला मासा एकटाच हिंडतो. तेथे शेजारी दिसत नाही आणि मोठा शत्रूही सहसा नसतो. नदीतले मासे एकमेकांवर धावून जातात, आपली जागा राखतात. गुहेतल्या माशांत ही भांडणे फार कमी होतात. नदीतल्या माशाला पाण्यात थरथर जाणवली, की तो पळतो. कारण ती थरथर शत्रूची असू शकते. गुहेतला मासा मात्र थरथरीच्या दिशेने जातो. कारण त्याच्या जगात पाणी हलले, तर ते बहुधा काही खाण्याजोगे पडल्यामुळेच हलते. अंधारात तळाचे अन्न खाताना नदीतला मासा डोके खाली करून जवळजवळ उभा राहतो. गुहेतला तिरका राहून खातो, म्हणजे हनुवटीचा अधिक भाग तळाला लागतो आणि चव घेण्यास सोपे जाते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की गुहेतले मासे फारच थोडी झोप घेतात. हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अन्न केव्हा येईल याचा नेम नाही. मग झोपून कसे चालेल?

“म्हणजे केवळ डोळे गेले असे नव्हे,” एक मुलगी म्हणाली, “त्याचा सगळा स्वभावच निराळा झाला.”

“आणि डोळे तरी पुरते गेले का?” गुरुजी म्हणाले. “आंधळ्या माशाचे पिल्लू अंड्यात असताना त्याला डोळे फुटू लागतात, आणि मग त्यांची वाढ थांबते. २००० साली शास्त्रज्ञांनी नदीतल्या माशाच्या भ्रूणाच्या डोळ्यातील भिंग गुहेतल्या माशाच्या भ्रूणात बसविले, तर त्या बाजूचा डोळा वाढू लागला! दोन निरनिराळ्या गुहांतील आंधळ्या माशांची जोडी लावली, तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना दिसू लागले. दोन्ही घराण्यांत बिघाड निरनिराळ्या ठिकाणी झाला होता. म्हणून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.”

मग गुरुजी पुन्हा कुटुमसरकडे वळले. तेथील मुऱ्याही उजेड टाळतो. तो मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. ही वर येण्याची क्रिया केव्हा केव्हा होते, याची संशोधकांनी बारकाईने नोंद ठेवली. बाहेर दिवस आहे की रात्र हे सांगणारा एकही किरण त्या गुहेत पोहोचत नाही. तरीही त्या माशांच्या वागणुकीत दिवस-रात्रीच्या लयीच्या खुणा सापडल्या. सूर्य दिसेनासा झाला, परंतु सूर्याची आठवण शरीरात कोठेतरी राहिली होती.

हे ऐकून वर्ग शांत झाला. तो मुलगा मात्र अस्वस्थ होता. अखेर तो उठून उभा राहिला. “गुरुजी, माझा मुऱ्याही वर येऊन हवा घेत होता. तो गुहेतल्यासारखा होऊ लागला होता का?”

“नाही, बाळ. माठातले पाणी शिळे झाले होते, अन्न कुजले होते. अशा पाण्यातला प्राणवायू संपत जातो. तो श्वासासाठी धडपडत होता.”

मुलगा खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण कोणी हसले नाही.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी त्याला जवळ बोलावले. ते म्हणाले, “एक गोष्ट मात्र तुझ्या मुऱ्याकडून शिकण्याजोगी आहे. ओढ्यात एवढ्या जातींचे मासे. पण कुटुमसरमध्ये हाच का टिकला? तो उजेडातही गोट्याखाली राहतो, सांजवेळी बाहेर पडतो, मिशांनी अन्न हुडकतो. अंधारात लागणारी सामग्री त्याच्यापाशी आधीपासूनच थोडीफार होती. संकट आल्यावर नवे काही एकाएकी मिळत नाही. जवळ असते तेच उपयोगी पडते.”

मग त्यांनी त्याला आणखी काही सांगितले. आपल्या देशात असे मासे इतरत्रही आहेत. केरळात कोट्टायम येथील विहिरीतून मिळालेल्या आंधळ्या माशाचे १९५० साली वर्णन झाले. तो जमिनीखालच्या पाण्यात राहतो, आणि विहीर उपसली तरच माणसाच्या दृष्टीस पडतो. मेघालयातील जैंतिया टेकड्यांच्या गुहेत तर महाशीराच्या नात्यातला, ४० सेंटिमीटरांहून लांब वाढणारा मासा सापडला. २०२३ साली त्याला स्वतंत्र नाव मिळाले. परंतु अशा माशांचे घर फार लहान असते. ओढ्यातला मासा एका डोहातून दुसऱ्या डोहात जाऊ शकतो. गुहेतल्या माशाला दुसरीकडे जायला जागाच नसते. कुटुमसर पाहण्यासाठी दरवर्षी पुष्कळ लोक दिवे घेऊन आत जातात. पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, म्हणून ती बंद ठेवतात. त्या काळात पुराबरोबर माशांना बाहेरचे अन्नही मिळते. परंतु इतर दिवसांत दिव्यांची ऊब, माणसांची वर्दळ आणि पायांनी ढवळलेले पाणी हे सर्व त्या फिकट जिवाला सोसावे लागते. ज्याला घडण्यास हजारो पिढ्या लागल्या, तो नाहीसा होण्यास एखादे वर्षही पुरेल.

“आणि ओढ्यातला?” मुलाने विचारले.

“ओढ्यातला तरी कुठे सुखरूप आहे? वाळू उपसली, की त्याचे घर जाते. पाणी घाण झाले, की त्याचा श्वास जातो. फरक एवढाच, की त्याला आपण रोज पाहतो, आणि रोज दिसणाऱ्याची काळजी आपल्याला वाटत नाही.”

शाळा सुटताच मुलगा धावत घरी गेला. आजी अंगणात धान्य निवडीत होती. त्याने घमेले दूर केले. मासा कुशीवर कलला होता. कल्ले मात्र मंदपणे हलत होते. त्याने माठ उचलला. माठ जड होता. आजी काही न बोलता उठली आणि तिने दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघे सावकाश ओढ्यावर आली.

मुलाने माठ एकदम ओतला नाही. ओढ्याचे ताजे पाणी ओंजळी-ओंजळीने तो माठात घालीत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने माठ पाण्यात आडवा केला. मासा बाहेर आला आणि वाळूवर तसाच पडून राहिला. सूर्य मावळतीला गेला होता. पाण्यावर तांबूस उजेड पसरला होता. आजी म्हणाली, “थांब. त्याला घाई नाही. तूही करू नकोस.”

दोघे वाट पाहत बसली. काही वेळाने माशाच्या मिशा हलल्या. त्याने वाळू चाचपली, एकवार डुलला आणि सरळ झाला. त्याच क्षणी मुलाच्या हातून एक खडा पाण्यात निसटला. पाणी थरारले, आणि मुऱ्या चपळाईने गोट्याखाली पळाला.

मुलगा हसला. थरथर जाणवताच पळणारा तो उजेडातला मासा होता. सहा दिवसांच्या काळोखाने त्याचे काहीच पालटले नव्हते.

आजही तो मुलगा ओढ्यावर जातो. मासे धरून आणीत नाही. एका वहीत तो नोंदी ठेवतो: किती वाजता मुऱ्या बाहेर आला, कोणत्या गोट्याखाली गेला, पाणी किती गढूळ होते. वहीच्या पहिल्या पानावर त्याने आजीचा प्रश्न लिहून ठेवला आहे: ‘त्याला विचारलेस का?’